दीडशे रुपयांची तोफ

‘दोघे राजी असले की सौदा न्याय्य’ हे सूत्र आपल्याकडे इतके सर्वमान्य झाले आहे की ते एक मत आहे, त्याला विरोधी मत असू शकते, याचाच विसर पडला आहे. मियाँबीबी राजी असतील तर काजीने मध्ये पडू नये, ही म्हण लग्नापुरती ठीक असेल. परंतु जुनी शस्त्रे, जुन्या पोथ्या, जुनी कागदपत्रे यांच्या देवघेवीत हीच म्हण न्यायशास्त्र म्हणून पुढे केली जाते, तेव्हा तिचा प्रतिवाद करणे आम्हांला आवश्यक वाटते. प्रस्तुत लेखात आम्ही काजीची बाजू घेणार आहोत.

निमित्त एका अदलाबदलीचे आहे. अहमदनगर जिल्ह्याच्या (२०२४ पासूनचे अधिकृत नाव अहिल्यानगर) दक्षिण भागात आमचे एक शेतकरी परिचित राहतात. त्यांच्याकडे आजोबांच्या वेळचे एक रिव्हॉल्व्हर होते: बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीचे, .३२ बोअरचे, परवान्यावर रीतसर चढवलेले. शहरातील एक संग्राहक त्यांच्याकडे आले. त्यांनी ते जुने रिव्हॉल्व्हर मागितले आणि बदल्यात भारतीय आयुध कारखान्यात तयार झालेले, त्याच बोअरचे, जवळजवळ कोरे रिव्हॉल्व्हर देऊ केले. दोघांकडेही परवाने होते. सरकारदरबारी जे कळवायचे ते कळवले गेले, मुदत पाळली गेली आणि हस्तांतर झाले. शेतकरी खूष, संग्राहक खूष. निघताना संग्राहकांनी एक गोष्ट सहज म्हणून मागितली. आजोबांची परवान्याची जुनी पुस्तिका आणि खरेदीची पिवळी पडलेली पावती त्याच डब्यात होती. ‘तुम्हांला काय, रद्दीच ती,’ असे ते म्हणाले. शेतकऱ्याने डबाच देऊन टाकला.

हा प्रसंग आम्ही काही प्राध्यापक मित्रांच्या बैठकीत सांगितला आणि विचारले, हा व्यवहार न्याय्य झाला का? बहुतेकांनी आमच्याकडे दयेने पाहिले. एकाचे म्हणणे असे की कोणी कोणावर जबरदस्ती केली नाही, मग अन्याय कुठून येणार? दुसऱ्याने सांगितले की बाजारभाव पाहावा. दोन्ही वस्तूंचे भाव जवळपास जुळले की विषय संपला. तिसरा म्हणाला, ज्याला ज्याचे मोल कळते त्याच्याकडे ती वस्तू जावी, यातच वस्तूचे हित आहे. तिन्ही मते सुशिक्षितांची होती. आमच्या मते तिन्ही चुकीची आहेत. आणि ती का चुकीची आहेत हे समजण्यासाठी याच नगरात जन्मलेल्या एका फार मोठ्या शस्त्राच्या लिलावाकडे जावे लागेल.

*

मराठीत फर्ड्या वक्त्याला आपण ‘मुलूखमैदान तोफ’ म्हणतो. हा वाक्प्रचार वापरणाऱ्या पुष्कळांना मूळ तोफ विजापूरची वाटते. ती आज विजापुरास शेरझा बुरुजावर आहे हे खरे. परंतु ती ओतली गेली अहमदनगरात, इ. स. १५४९ मध्ये, पहिल्या बुऱ्हाण निजामशहाच्या कारकिर्दीत. ओतणाऱ्याचे नाव मुहम्मद बिन हसन रूमी असे तोफेवरच कोरलेले आहे. तिचे नाव ‘मलिक-ए-मैदान’, म्हणजे रणांगणाचा स्वामी; मराठी जिभेने त्याचे ‘मुलूखमैदान’ केले. वजन सुमारे ५५ टन. धातू मिश्र, स्थूलमानाने चार भाग तांबे आणि एक भाग कथील. म्हणून तिच्यावर आघात केला तर घंटेसारखा नाद येतो. तोंडाशी हिंस्र श्वापदाचा जबडा आणि त्या जबड्यात चिरडला जाणारा हत्ती. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत तिच्यातून तांब्याची नाणी भरून डागली गेली, अशी परंपरा सांगते. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात होती आणि तेथून १६३२ मध्ये आदिलशाहीत विजापुरास नेली गेली. औरंगजेबाने विजापूर जिंकल्यावर आपल्या विजयाचा लेख तिच्यावर कोरविला. एका शस्त्राच्या अंगावर मालकांच्या अशा नोंदी एकामागून एक होत गेल्या.

१८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य दत्तक नामंजूर करून खालसा झाले आणि त्या राज्यातले विजापूर कंपनी सरकारच्या हाती आले. त्यानंतर सहाच वर्षांनी, १८५४ मध्ये, साताऱ्याच्या कमिशनरने हुकूम काढला की विजापुरातील इतर निरुपयोगी सामानाबरोबर ही तोफही लिलावात काढावी. लिलाव झाला. सर्वांत मोठी बोली आली दीडशे रुपयांची.

आता आमच्या तीन मित्रांची तीन सूत्रे या लिलावाला लावून पाहावीत. विकणारा राजी होता. त्यानेच लिलाव पुकारला होता. घेणारा राजी होता. जबरदस्ती कोणावर नव्हती, लपवाछपवी नव्हती, तोफ उघड्यावर पडलेली होती. बाजारभाव म्हणाल तर जाहीर लिलावात आलेली सर्वोच्च बोली हाच बाजारभाव. याहून शुद्ध बाजारभाव अर्थशास्त्राच्या पुस्तकातही सापडणार नाही. बोली लावणाऱ्याला आम्ही लबाडही म्हणणार नाही. ५५ टनांचा धातू बुरुजावरून उतरवायचा कसा, फोडायचा कसा, वाहून न्यायचा कसा, याचा हिशेब करणाऱ्या भंगारवाल्याला दीडशे रुपयेसुद्धा धाडसाचे वाटले असतील. तिन्ही सूत्रांनी हा सौदा निर्दोष ठरतो.

तरीही तो झाला नाही. किंमत फारच थोडी आली असून आसपासच्या लोकांच्या मनात या तोफेविषयी मोठा आदर आहे, असे मामलेदाराने वर कळवले आणि विक्री रद्द झाली. तोफ जागेवर राहिली, म्हणूनच आज ती पाहता येते आणि म्हणूनच आपण वक्त्याला तिची उपमा देऊ शकतो.

मामलेदाराने नेमके काय केले, याचा विचार करावा. विकणारा आणि घेणारा यांच्या मध्ये तो तिसरा उभा राहिला. सौद्यात ज्यांना बोली लावता येत नव्हती, ज्यांच्याकडे दीडशे रुपयेही नव्हते आणि तोफ उतरवायची साधनेही नव्हती, पण त्या वस्तूशी ज्यांचा संबंध होता, अशा लोकांची बाजू त्याने कागदावर मांडली. आम्ही ज्या काजीची बाजू घेत आहोत तो हा.

*

आता नगर जिल्ह्यातल्या त्या डब्याकडे परत येऊ.

दोन रिव्हॉल्व्हरांची तुलना कशी करतात? वापरणारा पाहतो की घोडा नीट पडतो का, सुटे भाग मिळतात का, काडतुसे मिळतात का. या कसोटीवर कारखान्यातून आलेली नवी वस्तू सरस. संग्राहक पाहतो ते वेगळेच. सांगाड्यावरचा आणि सिलिंडरवरचा क्रमांक जुळतो का, मुठीवरच्या पट्ट्या मूळच्या आहेत का, पोलादाची निळसर झिलई कारखान्याची आहे की नंतर कोणी घासून नवी चढवली. अनभिज्ञ माणूस जुन्या वस्तूला चकाकी आणून तिची किंमत वाढवली असे समजतो. वास्तविक त्याने ती घटवलेली असते. अमेरिकेत महायुद्धोत्तर काळात आलेल्या .४५५ बोअरच्या अनेक वेब्ली रिव्हॉल्व्हरांचे सिलिंडर तिकडची काडतुसे बसावीत म्हणून मागून घासले गेले. वापरणाऱ्याची सोय झाली, संग्राहकाच्या दृष्टीने वस्तू नासली. म्हणजे वापराचा गुण आणि संग्राह्यतेचा गुण हे कित्येकदा उलट दिशांना जातात.

संग्राहकाचे आणखी एक कोष्टक आहे, आणि ते सर्वांत महत्त्वाचे. वस्तू कोणाची, कोणी घेतली, कधी घेतली, तिच्याबरोबर कागद आहे का? ज्या रिव्हॉल्व्हरची पावती आणि परवाना उपलब्ध आहे ते, आणि ज्याचे काहीच उपलब्ध नाही ते, ही दोन्ही एकाच कारखान्यातून एकाच दिवशी बाहेर पडलेली असली तरी संग्राहकाच्या लेखी एकसारखी नसतात. पहिल्याला चरित्र असते, दुसरे नुसते लोखंड असते.

तेव्हा त्या दिवशी शेतकऱ्याने दिले काय? त्याच्या समजुतीप्रमाणे त्याने एक जुने हत्यार दिले आणि एक नवे घेतले. वर थोडी रद्दी दिली. संग्राहकाच्या समजुतीप्रमाणे त्यांनी एक नवे, कुठेही मिळणारे हत्यार दिले आणि एक जुने, सुट्या भागांची अदलाबदल न झालेले, चरित्रासह घेतले. दोघेही ‘राजी’ झाले ते दोन वेगवेगळ्या व्यवहारांना. ज्याला आपण संमती म्हणतो ती एकाच गोष्टीला दोघांनी दिलेली नव्हतीच. येथे ‘रद्दी’ या शब्दाकडे साहित्याच्या अभ्यासकांनी विशेष लक्ष द्यावे. बोलणाऱ्याला तो कागद रद्दी वाटत नव्हता. वाटत असता तर त्याने मागितला नसता. तो शब्द समोरच्याच्या अज्ञानाला दिलेला दुजोरा होता. गप्प बसणे आणि असा दुजोरा देणे यांत अंतर आहे. आमच्या मते सगळा अन्याय या एका शब्दात आहे.

यावर बाजारभावाचे पुरस्कर्ते म्हणतील की भाव पाहा, भाव जुळतो. पण कुठला भाव? गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी हत्यार आयात करणे जवळजवळ बंद झाले. त्यामुळे आधी आलेली विलायती रिव्हॉल्व्हरे हिंदुस्थानात जेवढ्याला जातात, त्याच्या अंशालाही ती त्यांच्या मायदेशी जात नाहीत. सरकारी धोरणाने कृत्रिम टंचाई झाली की भाव वाढतो, धोरण बदलले की कोसळतो. असा भाव न्यायाचा निकष कसा होणार? मराठीने ‘किंमत’ आणि ‘मूल्य’ असे दोन शब्द जपून ठेवले आहेत. समीक्षेत आपण ‘साहित्याची मूल्ये’ म्हणतो, ‘साहित्याच्या किमती’ म्हणत नाही. वर्गात हा भेद शिकवायचा आणि बाजारात गेल्यावर विसरायचा, हा दुटप्पीपणा आहे.

*

संमतीच्या सिद्धांतातील दुसरे भोक अज्ञानापेक्षा मोठे आहे. ते अगतिकतेचे.

१८७८ च्या शस्त्रास्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगणे गुन्हा ठरवले आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली. त्यामुळे त्या काळी एखाद्या पाटलाच्या, इनामदाराच्या वाड्यात परवान्याचे रिव्हॉल्व्हर असणे ही राजनिष्ठेची पोचपावती असे. आजोबांच्या त्या पुस्तिकेत हा सगळा इतिहास होता: गोऱ्या अधिकाऱ्याची सही, साल, काडतुसांची मोजदाद, आणि खाली आजोबांची मोडीतली सही. वाड्यात आलेले ते हत्यार अभिमानाची वस्तू होते तसेच मिंधेपणाचीही. नातवाला दोन्ही कळायला हवे होते, आणि ते कळण्याचा मार्ग त्या पुस्तिकेतून जात होता.

स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या शस्त्रास्त्र कायद्याने वर्णभेद गेला, परवाना राहिला. खाजगी वापराचे बंदुकवर्गीय शस्त्र दुसऱ्या पात्र व्यक्तीला द्यायचे तर जिल्हा दंडाधिकाऱ्यास वा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडे असू शकणाऱ्या अशा शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली. जास्तीची शस्त्रे वर्षभरात जमा करावी लागली. वारसाहक्काने आलेल्या शस्त्रालाही ही मर्यादा लागू आहे. समाजाच्या सुरक्षिततेसाठी हे नियम हवेत, याबद्दल आमचा वाद नाही. हत्यारे कमी झाली तर आम्हांला आनंदच आहे. पण नियमाचा एक परिणाम पाहावा. घरातला परवानाधारक वारला की त्याच्या पत्नीला किंवा मुलांना ते शस्त्र ठाण्यात वा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. ठरावीक मुदतीत परवाना मिळवला नाही किंवा विल्हेवाट लावली नाही, तर ते सरकारजमा होऊ शकते. म्हणजे विकणाऱ्याच्या हातात घड्याळ बांधलेले असते आणि घेणारा निवांत असतो. श्रीगोंदे, पारनेर, शेवगावकडच्या एखाद्या वाड्यातली विधवा त्या मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात ‘राजी’ होते, तेव्हा त्या राजीपणाला किती किंमत द्यायची? बुडणाऱ्याने दोर पकडला, म्हणून दोराच्या भावाला त्याची संमती होती असे आपण म्हणत नाही.

यात आणखी एक मेख आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तू ठरते. हस्तलिखिते व ऐतिहासिक, वाङ्मयीन मूल्याची कागदपत्रे यांना ७५ वर्षे पुरतात. अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनेसुद्धा कागद हत्याराच्या आधी ‘पुरातन’ होतो. आमच्या प्राध्यापक मित्रांनी मात्र हत्याराचा भाव काढला आणि कागदाचा उल्लेखही केला नाही.

*

येथे एक तिसरा पक्ष हिरिरीने उभा राहील. तो म्हणेल, खाजगी सौद्यांचे काय घेऊन बसलात. न्याय म्हणजे जे आपले ते आपल्याकडे परत येणे. या पक्षाशीही आमचा वाद आहे, कारण त्याची भाषा मोठी असली तरी हिशेब तोच आहे.

नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे संस्थापक, सेनासाहेबसुभा पहिले रघूजी यांचे नाव सोन्याच्या अक्षरांत असलेली एक तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात आली. महाराष्ट्र शासनाने ती मध्यस्थामार्फत मिळवली. सगळा खर्च धरून ४७ लाख १५ हजार रुपये पडले असे सांगण्यात आले, आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरच्या खजिन्याची जी लूट झाली तीत ती गेली असावी, असा तर्क शासनानेच मांडला. तलवार आली याचा आनंद आम्हांलाही झाला. पण तो तर्क खरा धरला, तर आपण लुटीच्या मालाचा पूर्ण बाजारभाव चुकता केला. यात कोणी कोणाला फसवले नाही. लिलावगृह राजी, विकणारा राजी, शासन राजी. तरीही ज्या व्यवहारात लुटले गेलेल्यांच्या वारसांनी लुटीच्या वारसांना मोबदला द्यायचा, त्याला ‘न्याय्य’ म्हणताना जीभ अडखळायला हवी. त्याला सोडवणूक म्हणावे. सोडवणूक कधीकधी करावी लागते. ती केल्याने खंडणी न्याय्य ठरत नाही.

१७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर कंपनीच्या फौजेने टिपूच्या खजिन्याची वाटणी हुद्द्याप्रमाणे, समिती नेमून, हिशेबाने केली. टिपूच्या शयनगृहातील तलवार जनरल बेअर्डला मानाने देण्यात आली. मे २०२३ मध्ये तीच तलवार लंडनच्या बोनहॅम्सकडे सुमारे १ कोटी ४० लाख पौंडांना गेली. तेथे कागदपत्र चोख होते, चरित्र पूर्ण होते, लुटीची नोंदसुद्धा पूर्ण होती. आणि त्या नोंदीनेच किंमत चढवली. ज्या कागदाने मालकीची लाज वाटायला हवी, तोच कागद बाजारात मालकीचे भूषण होतो. त्याच सैन्यातून पुढे आलेल्या आर्थर वेलस्लीने चार वर्षांनी, ऑगस्ट १८०३ मध्ये, नगरचा किल्ला घेतला. तेव्हा हा विषय नगरकरांना परका नाही.

पण मग मुलूखमैदान तोफ नगरला परत मागावी काय? ‘आमचे ते आमचे’ म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे. ओतली नगरला, पण ओतणारा रूमी, म्हणजे तुर्की मुलखातून आलेला. ओतवणारा निजामशहा, नेणारी आदिलशाही, नाव कोरवणारा औरंगजेब, विकायला काढणारी कंपनी, आणि वाचवणारे विजापूरच्या आसपासचे लोक, ज्यांच्या आदराची नोंद मामलेदाराने केली. आमच्या मते तोफ त्या शेवटच्या लोकांची. त्यांनी ती ओतली नाही, विकत घेतली नाही, जिंकली नाही. तिच्याशी संबंध मात्र ठेवला. नगरकरांनी तिच्यावर ग्रंथ लिहावा, तिच्या जन्माची जागा ओळखावी, मुलांना विजापुरास नेऊन ती दाखवावी. मागू नये.

*

आमच्या भूमिकेवरचा सर्वांत सबळ आक्षेप असा. संग्राहकाचे ज्ञान हे त्याच्या वर्षानुवर्षांच्या श्रमाचे फळ आहे. ते त्याने समोरच्याला फुकट का द्यावे? वैद्य ज्ञानाचे पैसे घेतो, वकील घेतो. मग जाणकाराने आपल्या जाणकारीचा लाभ का घेऊ नये? शिवाय सगळे सांगत बसले तर जुन्या वस्तू शोधण्याचा उत्साहच मावळेल आणि वस्तू माळ्यावर गंजून जातील.

आक्षेपातला दुसरा भाग खरा आहे. संग्राहक नसते तर कितीतरी वस्तू आज नसत्या, हे आम्ही मान्य करतो. पण पहिल्या भागात गफलत आहे. वैद्य रोग्याला ज्ञान देऊन पैसे घेतो. रोग्याचे अज्ञान टिकवून घेत नाही. जाणकाराला त्याच्या जाणकारीचे फळ मिळावे: कोणती वस्तू निवडावी, कशी राखावी, खोटी कशी ओळखावी, हे त्याला कळते आणि इतरांना कळत नाही, हे फळ थोडे नाही. समोरच्याचे नुकसान हे मात्र जाणकारीचे फळ नव्हे.

आणि हा आक्षेप आम्ही इतक्या तावातावाने का खोडून काढत आहोत, हेही सांगायला हवे. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही एका दिवंगत शिक्षकाच्या घरून जुन्या लघुनियतकालिकांचा एक गठ्ठा आणला. त्यांच्या पत्नीने तो रद्दीवाल्यासाठी बांधून ठेवला होता. आम्ही रद्दीवाल्यापेक्षा थोडे अधिक दिले आणि स्वतःला उदार समजलो. त्या अंकांत काय होते हे आम्हांला ठाऊक होते, त्यांना नव्हते. काही अंकांच्या समासात सरांच्या हातच्या टिपा होत्या, हेही आम्ही दारातच पाहिले होते. आम्ही ते बोललो नाही. ते अंक आम्ही जपले, त्यांवर लिहिले, विद्यार्थ्यांना वाचायला दिले. साहित्याचे हित झाले. परंतु त्या बाईंशी आम्ही न्यायाने वागलो नाही, आणि साहित्याच्या हिताने ते भरून निघत नाही. हा लेख वाचणाऱ्यांपैकी किती जणांच्या कपाटात असा एखादा गठ्ठा आहे, हे ज्याने त्याने पाहावे.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. जुन्या वस्तूची देवघेव न्याय्य झाली की नाही हे ठरवताना भावाच्या आधी तीन गोष्टी पाहाव्यात. समोरच्याला ठाऊक असते तर त्याने हा सौदा केला नसता, अशी एखादी गोष्ट आपण झाकून ठेवली आहे का? त्याच्या डोक्यावर मुदत, कर्ज, मृत्यू किंवा कायदा उभा असताना आपण त्याची वेळ साधली आहे का? आणि सौद्यात ज्याला बोली लावता येत नाही, असा कोणी तिसरा त्या वस्तूशी जोडलेला आहे का: लुटला गेलेला, उद्या जन्मणारा किंवा नुसताच आदर बाळगणारा? तिन्हींची उत्तरे प्रामाणिकपणे देऊन झाल्यावर भाव खुशाल करावा. तो थोडा इकडेतिकडे झाला तर आमची तक्रार नाही. घासाघीस हा बाजाराचा धर्मच आहे. प्रत्येक सौद्यावर मामलेदार नेमता येत नाही, हे आम्हांला कळते. तेवढ्याचसाठी जाणणाऱ्याने स्वतःचा मामलेदार स्वतः व्हावे, असे आम्ही म्हणतो.

हा लेख लिहिण्यापूर्वी आम्ही त्या शेतकरी मित्राला भेटलो आणि जे समजले ते सगळे सांगितले: क्रमांकांचे, झिलईचे, पावतीचे. आपण फसलो असे त्यांना वाटेल, अशी आमची अपेक्षा होती. ते शांतपणे म्हणाले, ‘‘सर, नवं चांगलं आहे. जुन्याला काडतूसच मिळत नव्हतं. त्याचं मला काही वाटत नाही.’’ मग थोडा वेळ थांबून त्यांनी विचारले, ‘‘पण त्या पुस्तकात आज्यांची सही होती म्हणता? मोडीत? मला वाटलं, रेघोट्याच आहेत. त्याची झेरॉक्स तरी मिळंल का?’’

त्या संग्राहकांना आम्ही पत्र लिहिले आहे. झेरॉक्स नको, मूळ पुस्तिका परत करावी आणि झेरॉक्स त्यांनी ठेवावी, असे त्यात म्हटले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.